अकराव्या धड्यापुढच्या टिपा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायची इच्छा होती, पण कंबर तेवढी वाकत नाही, आणि तिचंच गाऱ्हाणं घेऊन तुझ्या दरबारात उभा आहे. माझ्या खुर्चीचं अपहरण झालं आहे. हो, तीच. शिक्षक-खोलीतली, खिडकीजवळची, वेताची, दोन हातांची, जिच्यासाठी तू जुन्या पडद्याची उशी शिवून दिली होतीस. बावीस वर्षं मी त्या आसनावर अढळ होतो. या काळात चार मुख्याध्यापक बदलले, छत दोनदा गळलं, अभ्यासक्रम तीनदा सुधारून बिघडवला गेला, पण खुर्ची जागची हलली नाही. आणि एका सोमवारी मी हातात चहा घेऊन, माझ्या सवयीप्रमाणे मागे न बघता, बसलो. चहा सदऱ्यावर आणि मी फरशीवर. गणिताचे सर म्हणाले, "शास्त्रीबुवा, शून्यावर बसलात!" सगळे हसले. मी हसलो नाही. पडलेल्या माणसाने हसू नये, कपडे झटकावेत.

या गोष्टीला आठ आठवडे झाले. फिर्याद नोंदवायला इतका उशीर का, असं तू विचारशील. सांगतो.

मी तपास केला. पहिला संशय भूगोलाच्या बाईंवर, कारण त्यांची कंबर माझ्या कंबरेची मोठी बहीण आहे. दुसरा गणिताच्या सरांवर, कारण ते फार मनापासून हसले होते. शेवटी घंटेवाल्या मावशींनी गुन्हा स्वतःहून कबूल केला. या मावशी शाळेची कुलपं उघडतात, घंटा देतात आणि कोणाच्या घरी काय चाललंय ते त्या घराच्या आधी जाणतात. पश्चात्तापाचा लवलेश नाही. म्हणाल्या, "मीच नेली. तासाला तुम्ही उभे असता, मधल्या सुट्टीत बोलत असता. बसता कधी? जिला गरज आहे तिला दिलीय. दहावी ब मध्ये जाऊन बघा. आणि सर, तोंड उघडायच्या आधी बघा."

मी बघितलं. आमचे बाक तुला माहीत नसतील. बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. मधलं अंतर एक वीत आणि चार बोटं. मी नंतर मोजलं. ज्याने हे बाक घडवले त्याने गृहीत धरलं होतं की विद्यार्थ्याला पोट नसतं. खिडकीच्या कडेला, बाकांच्या रांगेबाहेर, माझी खुर्ची होती. समोर प्रयोगशाळेतलं उंच स्टूल मेज म्हणून ठेवलेलं. आणि खुर्चीवर आमची शंकासुर.

हे नाव मीच ठेवलेलं. सोळा वर्षांची पोर, पण प्रत्येक धड्यात हात वर आणि "पण सर, का?" एकदा विचारलं, "सर, सगळ्या गोष्टींत राजाला मुलगा नसतो म्हणून तो रडतो. मुलगी नाही म्हणून रडणारा एखादा राजा आहे का?" मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगतो. दीड वर्ष झालं, अजून शोधतो आहे. तर ती शंकासुर मला पाहून उठली. उठताना एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा कमरेवर. तसं उठणं मी घरातल्या मोठ्या बायकांचं पाहिलं होतं, गणवेशातल्या मुलीचं कधी नाही. म्हणाली, "सर, खुर्ची तुमची ना? परत नेऊन ठेवू?" सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि तुझ्या या वाचाळ भावाला एकच वाक्य सुचलं. "उशीची नाडी सैल झालीये. घट्ट बांधून घे, घसरशील." फिर्याद त्या दिवशीच निकालात निघाली.

आता खरं सांगतो. मी शाळेत बसून लिहीत नाहीये. सरकारी प्रसूती रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या लोखंडी बाकावर बसलो आहे. भिंतीला हिरवा रंग, समोर वजनकाटा, पलीकडे एक घड्याळ, जे सात मिनिटं मागे आहे. आतल्या चौथ्या खाटेवर शंकासुर आहे. आज तिचा पाचवा दिवस. नर्सबाई दर तासाला तिचा रक्तदाब मोजतात आणि दाराशी येऊन मला आकडा सांगतात. सकाळी वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस होता. दुपारी बाराला एकशे चोपन्न. एकची वेळ जवळ आली आहे. म्हणून हात चालू ठेवला आहे, दुसरं काही नाही.

खुर्ची सापडल्यावर आठवडाभरात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सभा बोलावली. विषयाचं नाव कागदावर कोणालाच लिहवेना, म्हणून "इतर" असं लिहिलं. ताई, सभेत कोणीही वाईट बोललं नाही. हीच गंमत. सगळे काळजीने बोलले. मुलीलाच त्रास होईल. इतर पालक काय म्हणतील. तिने घरी राहून अभ्यास केला तर? पुढच्या वर्षी बसली तर? शाळा कुठे पळून जाते? पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. मग गणिताचे सर, चष्मा पुसत, अगदी सौम्यपणे म्हणाले, "आपण कशाला वाईट व्हायचं? पंचाहत्तर टक्के हजेरी लागते परीक्षेला. अशा अवस्थेत भरणार आहे का? प्रश्न आपोआप सुटेल."

त्या "आपोआप"ने माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, तिचा वर्गशिक्षक मी आहे, हजेरीपट माझ्या हातात आहे, आणि तिची हजेरी एका दिवसाने कमी पडली तर माझं नाव बदला. मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मुलगी येईल. खुर्ची राहील. बाहेर जायला तिला परवानगी मागावी लागणार नाही. पायऱ्या नकोत, वर्ग खाली आणा. आणि ज्या पालकांना विचारायचंय त्यांनी मला विचारावं." बाई बोलायला रुक्ष आहेत, पण त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. कमरेमुळे राहिलं.

ज्या मुलामुळे हे झालं तो दोन यत्ता पुढे, दुसऱ्या शाळेत आहे. त्याच्या घरच्यांनी हात वर केले. त्याच्या बाकाचं माप कोणी घेतलं नाही. त्याची हजेरी, माझ्या माहितीप्रमाणे, व्यवस्थित भरते आहे. या विषयावर मी एवढंच लिहीन. पुढचं लिहिलं तर माझ्या संस्कृतचा लौकिक जाईल.

तुला आठवत असेल, त्याच सुमारास मी तुला गणवेशाची मापं पाठवली होती. "एक जरा अंगाने भरलेली विद्यार्थिनी आहे" असं लिहिलं होतं. काय पण शब्द! तुझ्या शिवणाच्या दुकानातून आठवड्यात दोन झगे आले. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. मावशींनी ते उलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "शिवणाऱ्या बाईने दोन्ही कुशींना आत चार बोटं कापड सोडलंय. उसवत उसवत शेवटपर्यंत पुरेल. माहितगार दिसते." मी म्हटलं, हो, माझी बहीण आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसल्या. मीही गप्प बसलो. आपल्या घरात या कलेचं शिक्षण लवकर मिळतं.

मध्येच थांबावं लागलं. नर्सबाई आल्या होत्या. एकशे छप्पन्न. "फार नाही," म्हणाल्या, पण मग डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेल्या. फार नसेल तर बोलवायला का गेल्या, हा प्रश्न शंकासुरने विचारला असता. मी विचारला नाही.

आता ते सांगतो, जे सांगायला मी दोन पानं फिरतो आहे.

मी त्या हजेरीच्या मागे हात धुऊन लागलो. रोज सकाळी तिच्या नावाशी आलो की मान वर करून बघायचो. तिने "हजर, सर" म्हटलं की रकान्यात ती खूण करताना गणिताच्या सरांची सौम्य हनुवटी माझ्या डोळ्यांपुढे यायची. तिला बोलावून बजावलं होतं, "हे बघ, तुझे आधीच खूप दिवस बुडालेत. आता एकही दिवस चुकवायचा नाही. ताप असो, पाऊस असो, तू या खुर्चीवर पाहिजेस. बाकी सगळं मी बघतो." आणि ती यायची. पहिल्या तासाला यायची, शेवटच्या तासापर्यंत असायची. एका शुक्रवारी मी भर वर्गात म्हणालो, "निष्ठा म्हणजे काय, हे खिडकीजवळ बघा." ती लाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी दारात होत्या, त्यांनीही वाजवल्या.

पुढे तिचं अक्षर बिघडलं. तिचं अक्षर म्हणजे, ताई, ओळीवर बसलेले पक्षी. ते पक्षी एकमेकांवर चढायला लागले. फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करायची. विचारलं तर म्हणाली, "मध्येच चमकतं, सर. डोकं पण दुखतं." मी विद्वान माणूस, लगेच निदान केलं. चष्मा लागला असणार. दहावीत सगळ्यांनाच लागतो, मलाही लागला होता. मी खुर्ची स्वतः उचलली आणि फळ्यासमोर, पहिल्या रांगेपुढे आणून ठेवली. वर सांगितलं की परीक्षा झाली की डोळे तपासून घेऊ. परीक्षा झाली की!

मला, ताई, डोहाळे हा शब्द कुठून आला ते ठाऊक आहे. पोटुशीला दोन हृदयं असतात, म्हणून ती दौहृदिनी; तिथपासून तो कसा घसरत घसरत आपल्या जिभेपर्यंत आला, यावर मी पाऊण तास बोलू शकतो. तिची पावलं सुजली आहेत, ती मावशींच्या चपला घालून येते आहे, आणि असं होणं बरं नसतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

गेल्या शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या नर्स शाळेत आल्या, लहान मुलांना लस द्यायला. दहावी ब वरून चालल्या होत्या. दारात थबकल्या. मी शिकवत होतो. त्यांनी मला विचारलंही नाही, सरळ आत आल्या, तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे चमकतं? शेवटची तपासणी कधी केलीस?" पोर माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी पट्टा बांधून रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि मला म्हणाल्या, "सर, गाडी मागवा. आत्ता. रिक्षा नको, झोपवून न्यायचंय."

गाडीत तिने दप्तरातून दवाखान्याचं कार्ड काढून दिलं. गरोदर बायकांची तपासणी दर गुरुवारी सकाळी असते, आणि तिने एका गुरुवाराआड जायचं होतं. कार्डावर शेवटचे चार रकाने कोरे. रुग्णालयात पोचल्यावर मला काय सुचलं कोण जाणे, मी पिशवीतून हजेरीपट काढला आणि तारखा लावून पाहिल्या. त्याच चार गुरुवारी माझ्या हजेरीपटात, माझ्या अक्षरात, तिच्या नावापुढे ह. ह. ह. ह.

तिची आई धुलाईच्या कारखान्यात इस्त्री करते. कामाची पाळी संपल्यावर धावत आली. मी हात जोडून काहीतरी पुटपुटलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं हिला सर, जाऊन ये. तर म्हणाली, सरांनी एकही दिवस चुकवायचा नाही असं सांगितलंय. सरांनी सांगितल्यावर मी कोण बोलणार?"

डॉक्टरीणबाईंनी मला उभ्याउभ्या सगळं समजावलं. कोवळ्या वयात असा रक्तदाब चढायचा धोका जास्त असतो. वेळेवर कळला तर औषधांनी सांभाळता येतो, आणि कळतो तो त्या गुरुवारच्या तपासणीतच. नाही कळला तर झटके येतात आणि आई आणि बाळ, दोघांचंही सांगता येत नाही. आता बत्तिसावा आठवडा चालू आहे. "आणखी दोन आठवडे पोटात राहिलं तर बाळाला फार बरं. पण मुलीला धोका दिसला तर मी एक तासही थांबणार नाही," म्हणाल्या. आणि मग, "तुम्ही शाळेत येऊ दिलंत हे चांगलं केलंत. फक्त शाळा आणि दवाखाना यांतलं एक निवडायची वेळ तिच्यावर यायला नको होती." मी मान हलवली. बावीस वर्षं मी इतरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. माझी कोणी इतक्या थोड्या शब्दांत तपासली नव्हती.

मोठ्या बाईंनी सोमवारी, कोणालाही न विचारता, हजेरीपटाचा नियम बदलला. आरोग्य तपासणीचा दिवस हजर धरायचा, कार्ड दाखवलं की झालं. एका ओळीचा बदल, ताई. सभेत आम्ही अकरा शिकलेली माणसं दीड तास बसलो होतो, आणि ही एक ओळ एकाच्याही डोक्यात आली नाही. बाईंनी परीक्षा मंडळाकडेही माणूस धाडला, आणि आज सकाळी परवानगी आली. तब्येतीने साथ दिली तर रुग्णालयातल्या खोलीत, पर्यवेक्षकासमोर, पेपर लिहिता येतील. परीक्षा अठरा दिवसांवर आहे. ती परवानगी इथपर्यंत घेऊन कोण आलं माहीत आहे? गणिताचे सर. सूत्रांचा एक कागदही लिहून आणला होता, मोठ्या अक्षरात. मला म्हणाले, "तिला द्या. डोळ्यांना ताण नको म्हणून मोठं काढलंय." माझ्या बाजूला बसले, चष्मा पुसला, आणि गेले. माणसं सरसकट रागावण्यासारखी नसतात, हा त्यांचा मोठाच दोष आहे.

डॉक्टरीणबाई आत्ता आत गेल्या. पडदा ओढला आहे. मला फक्त त्यांची पावलं दिसतात. एका जागी उभी आहेत. पळत नाहीत, म्हणजे ठीक असेल.

वॉर्डात पुरुषांना पंधरा मिनिटं मिळतात, चार वाजता. तिचा बाप तर तेवढाही येत नाही. रोज फाटकापर्यंत येतो, शाळा सुटल्यावर येणाऱ्या मावशींच्या हातात डबा देतो, वर खिडकीकडे बघतो आणि जातो. परवा औषधाने तिच्या डोळ्यांपुढचं चमकणं थांबलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी थोडंसं वाचायला परवानगी दिली. ती म्हणाली, "संस्कृतच आणा सर, बाकीचं जड आहे." हे वाक्य ऐकणारा मी जगातला पहिला संस्कृत शिक्षक असेन. पाठ्यपुस्तक शाळेत राहिलं होतं. माझ्या पिशवीत दुसरं एक जुनं पुस्तक असतं, नेहमीच असतं. ते दिलं.

ताई, ते पुस्तक तुझं आहे.

आता बस कुठेतरी, उभी असशील तर. मी नऊ वर्षांचा होतो, तू सोळाची. मला सांगितलं गेलं की ताई मामाकडे गेली आहे, मामीला बरं नाही. वडिलांनी तुझी पुस्तकं दप्तरात भरून माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाले, शाळेत नेऊन दे, तिला आता लागणार नाहीत. ती शाळेच्या संग्रहातली पुस्तकं होती. तुझ्या बाईंनी टेबलावर एकेक मोजून घेतलं. म्हणाल्या, एक कमी आहे. मी म्हटलं, हरवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली व्यवस्थित खोटी गोष्ट. पुस्तक माझ्या सदऱ्याच्या आत, पोटाशी होतं. तू सात महिन्यांनी परत आलीस. एकटीच आलीस. हाडं दिसत होती. शाळेचं नाव तू काढलं नाहीस, आम्ही काढलं नाही, आणि पुढच्या महिन्यात तुला शिवण शिकायला घातलं. मी काही विचारलं नाही. तेव्हा लहान होतो हे खरं, पण त्यानंतर त्रेचाळीस वर्षं मी लहान नव्हतो.

त्या पुस्तकावर मी संस्कृत शिकलो. धड्यांवर कमी, तुझ्या समासातल्या टिपांवर जास्त. सिंहाच्या चित्राशेजारी, "आमच्या हेडमास्तरांचा भाऊ शोभतो." एका नियमापाशी, "हे पाठ केल्याशिवाय गती नाही म्हणे. मी न करता जाऊन आले, वाटेत कोणी अडवलं नाही." मी वर्गात जे विनोद करून लोकप्रिय झालो, त्यांतले निम्मे तुझे आहेत. लहानपणी तुझं ऐकून संस्कृत धातू चालवून दाखवायचो म्हणून तू मला पोपट म्हणायचीस. मी पुढे खरोखर पोपटच झालो, तुझंच बोलत राहिलो, आणि त्याबद्दल मला बसायला खुर्ची मिळाली. माझी खुर्ची कोणी नेली, याचा तपास मी दोन दिवसांत लावला. ती मुळात कोणाची होती, हा तपास मात्र मी बावीस वर्षं टाळला.

शंकासुरने दोन दिवसांत पुस्तकाचा फडशा पाडला. धड्यांचा नव्हे, टिपांचा. नर्सबाई सांगत होत्या, पोर एकटीच हसते. मग काल चार वाजता मी खाटेशी गेलो, तर पुस्तक पालथं छातीवर, आणि नेहमीसारखा एक हात वर. "सर, अकराव्या धड्यानंतर टिपाच नाहीत. पानं कोरी आहेत. हिने पुढे का नाही लिहिलं?" मी म्हटलं, हिने म्हणजे कोणी? ती म्हणाली, "मुलगीच आहे, सर. अक्षरावरून कळतं." आणि मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू, "तिलापण शाळा सोडावी लागली का? परत आली का मग ती?" पंधरा मिनिटं संपली होती. मी म्हटलं, विचारून सांगतो. कोणाला विचारून, ते सांगितलं नाही.

पडदा उघडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध वाढवलंय, संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही तर बाळ काढावं लागेल. आणि मग जे त्या तीन दिवस सांगत आहेत तेच पुन्हा. हिच्याजवळ दिवसभर एक बाईमाणूस हवं. पोर घाबरते, घाबरली की दाब चढतो. आईला धाकट्या दोघांना आणि कारखान्याला टाकून दिवसा येता येत नाही, मावशींना शाळा आहे, आणि मला दाराबाहेरच बसायचं आहे. म्हणून हे पत्र. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. फोनवर मी तुझ्याशी फक्त हवामान बोलतो. दोनच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे, संध्याकाळी तुझ्या दुकानात मिळेल. सकाळची पहिली बस पकड. टिपा पुढे लिहायच्या राहिल्या असतील तर इथे येऊन लिही, किंवा का राहिल्या ते तिला सांग; आमच्यापैकी कोणालाच ते सांगता येणार नाही. खुर्ची मी काल डोक्यावर घेऊन इथे आणली. तुझ्या उशीसकट चौथ्या खाटेशेजारी ठेवली आहे. तिच्यावर कोणी बसलेलं नाही. ताई, ही पोर मरेल अशी मला भीती वाटते, आणि तिला दवाखान्यापासून दूर मी ठेवलं. आणि ती जगली, बाळही जगलं, तरी तिचंही पुस्तक तिथेच मिटेल, ही दुसरी भीती. तसं होताना मी एकदा पाहिलं आहे, आणि पाहून गप्प राहिलो आहे. मला फार भीती वाटते आहे, ताई. ये.

तुझाच, आणि तुझ्याच पुस्तकावर पोसलेला,
पोपट